संच चुरडू नका, आणि गीझरचा थर्मोस्टॅटही टाकू नका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ई-कचऱ्यावर लेख आला होता. लेख चांगलाच होता. मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या ओल्या कचऱ्यात टाकणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या दोघांना मी तो मुद्दाम वाचायला दिला. पण शेवटच्या चौकटीत 'जुने वायरलेस संच, वॉकीटॉकी, यूपीएस : थेट रिसायकलरकडे' असं एका ओळीत उरकलंय. माझं भांडण त्या एका ओळीशी आहे. पत्र लांबेल. कात्री आपल्या हातात आहे, पण थर्मोस्टॅटचा भाग तेवढा ठेवा.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली, आता ६७ वर्षांची. एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून तेहेतीस वर्षं काढली. आजोबा कलाभवनात शिकलेले, त्यामुळे मोडकी वस्तू उघडून पाहिल्याशिवाय टाकायची नाही हा आमच्या घरचा सोवळ्याइतका कडक नियम. २६ जानेवारी २००१ ला कच्छचा भूकंप झाला तेव्हा माझी मावसबहीण भुजला होती. फोन लागेना. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी गृहस्थ दारात आले आणि म्हणाले, "सगळी सुखरूप आहेत, घर पडलं." त्यांना तो निरोप हॅम रेडिओवरून, म्हणजे परवाना काढून हौसेने बिनतारी बोलणाऱ्यांच्या संचावरून, मिळाला होता. मी रडले की नाही ते आठवत नाही, पण "तुमचा सेट किती वॅटचा?" असं त्यांना विचारलं होतं, ते पक्कं आठवतं. पुढे परीक्षा दिली, टिंब-रेघांची मोर्स लिपी शिकले, परवाना मिळाला. लोकांना अजून वाटतं की परवाना माझ्या मिस्टरांचा आहे. मिस्टर बल्ब बदलायलासुद्धा मला हाक मारतात.

आम्ही हातातल्या छोट्या संचाला हँडी म्हणतो. तो फार तर पाच वॅटचा. शहराच्या गर्दीत जमिनीवर उभं राहून बोललं तर आवाज दोन-चार किलोमीटर गेला तरी नशीब. म्हणून रिपीटर लागतो. रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेला निरोप्या. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच जोरात सांगतो. आमच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोन फ्रिक्वेन्सींमध्ये अंतर असतं अवघं ६०० किलोहर्ट्झचं. सगळं महाभारत त्या सहाशेत आहे.

उंचीचा हिशोब मात्र सोपा. अँटेना जितके मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ ने गुणायचं, तेवढे किलोमीटर तिची नजर पोचते. पंचवीस मीटरला वीस किलोमीटर. पावागडाच्या माथ्यावरून शंभराच्या वर. पावागडावर आम्हाला कोणी खांब रोवू देणार नाही, चांपानेर-पावागड २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि देऊही नये. म्हणून आमचा मुक्काम एका सातमजली इमारतीच्या लिफ्टच्या खोलीत. अगाशीत खांब, खोलीत संच, दोन्हींच्या मध्ये कबुतरं.

आम्ही तिघं आहोत. मी, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक काका (माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत, पण सगळं प्रतापनगर त्यांना काकाच म्हणतं) आणि इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा. त्याला सोल्डरिंग छान येतं, थांबता येत नाही. तयार रिपीटर विकत मिळतो, पण दोन पेन्शनी आणि एका पॉकेटमनीत तो बसत नाही. मग मकरपुऱ्यातला एक कारखाना बंद झाला तेव्हा तिथल्या सुरक्षा विभागाचे चार व्हीएचएफ (आमच्या पट्ट्याच्या आसपास चालणारे) संच मालकांनी लेटरहेडवर लिहून आम्हाला दिले. एके काळी इथेच गुजरात कम्युनिकेशन्स अँड इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी संपर्कयंत्रं आणि टीव्हीचे ट्रान्समीटर बनवायची. तिथून निवृत्त झालेले दोघे आजोबा शोधून काढले. कुठली कॉइल आधी फिरवायची आणि कुठलीला बोटही लावायचं नाही, हे त्यांनी शेव-उसळ खाता खाता शिकवलं.

संच १५० मेगाहर्ट्झच्या पुढे चालणारे, ते खाली १४५ वर आणायचे होते. त्यांची फ्रिक्वेन्सी एका ईप्रॉममध्ये भरलेली असते, पाठीवर काचेची खिडकी असलेल्या चिपमध्ये. ती पुसायला २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लागतो. घरचा पाण्याचा फिल्टर बदलला तेव्हा त्यातली यूव्ही नळी मी काढून ठेवली होती. बुटाचं खोकं, आतून स्वयंपाकघरातली फॉइल, झाकण चिकटपट्टीने बंद, वीस मिनिटं. चिप कोरी. (नळी चालू असताना खोकं उघडायचं नाही, डोळे जातात. हे मी त्या मुलाला तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा प्लग माझ्याकडे ठेवला.) सुकलेले कपॅसिटर झाडून बदलले. दुसरे दोन संच सुट्या भागांसाठी फडताळात ठेवले. पंचवीस वॅटचे हे संच अधूनमधून बोलण्यासाठी बनलेले असतात, रिपीटरसारखं तासन्‌तास नव्हे. म्हणून शक्ती दहा वॅटवर आणली आणि पाठीवर जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला.

एका संचाला ऐकू आलं की दुसऱ्याने बोलायचं, हे जोडकाम तर शाळकरी आहे. सिग्नल आल्यावर स्क्वेल्च (एरवी खरखर अडवणारं दार) उघडतो, आतल्या एका ठिकाणचं व्होल्टेज बदलतं, त्यावर एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावायचा, तो दुसऱ्या संचाचं बोलायचं बटण ओढतो. चार रुपयांचं काम. यात आम्ही एकच गोष्ट विसरलो, वेळेची मर्यादा. पहिल्याच आठवड्यात एकाचा हँडी सोफ्याच्या गादीखाली दबला आणि पाऊण तास सगळ्या बडोद्याने त्याच्या घरातली मालिका ऐकली, मध्ये भाजीवरून झालेल्या वादासकट. ट्रान्समीटर एवढा तापला की काकांनी त्याला ओल्या फडक्याने पुसला. त्याच रात्री ५५५ नावाच्या चिपचा टायमर जोडला. तीन मिनिटांच्या वर कोणी बोललं की तोंड बंद. सोसायटीच्या मीटिंगलाही असा एक हवा.

आता ते सहाशे. रिपीटरचं तोंड आणि कान एकाच अँटेनाला जोडलेले आणि दोन्ही एकदम चालू. मिक्सरवर दाण्याची चटणी फिरत असताना शेजारच्या खोलीतली कुजबुज ऐकायची, तसला प्रकार. आमचा ट्रान्समीटर दहा वॅट फेकतो आणि रिसीव्हरने ऐकायचा असतो पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल. या दोन शक्तींचं गुणोत्तर काढलं तर आठावर पंधरा शून्यं येतात. दोघांच्या मध्ये भिंत घालतो तो डुप्लेक्सर. सहा बंद डबे, प्रत्येकात मधोमध एक दांडी, दांडीची लांबी जवळपास पाव तरंगलांबीएवढी, म्हणजे एक्कावन्न-बावन्न सेंटिमीटर. डबा म्हणजे घंटाच म्हणा, दांडीच्या लांबीप्रमाणे एका ठरावीक सुराला जागा होणारी. ट्रान्समीटरच्या बाजूचे तीन डबे रिसीव्हरच्या सुरावर सांडणारा गोंगाट गाळतात, रिसीव्हरच्या बाजूचे तीन ट्रान्समीटरचा दणका अडवतात.

आधी फसलो. भंगारात एक पुस्तकाएवढा चपटा, देखणा डुप्लेक्सर मिळाला. घरी आणून हळद-कुंकू वाहायचंच बाकी होतं. पण तो पाच मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी बनवलेला निघाला. सहाशे किलोहर्ट्झला तो वापरणं म्हणजे मासे धरायच्या जाळ्याने डास अडवणं. तेव्हा डबे स्वतः करायचे ठरलं. पाणीगेटपलीकडच्या आमच्या नेहमीच्या भंगारवाल्याकडे कुठल्याशा रासायनिक कारखान्यातून आलेला चार इंची तांब्याचा पाइप पडला होता. "मासी, आ तो तांबुं छे, भाव लागशे," म्हणाला. लागला. वीसेक किलो तांबं वजनावर घेतलं. मिस्टरांनी विचारलं, "घंगाळ करायचंय का?" ओळखीच्या कंसाऱ्याकडून सहा तुकड्यांना बुडं आणि झाकणं डाग देऊन बसवून घेतली, आतून चिंच-मिठाने देवाच्या तांब्यासारखे घासले, कनेक्टर लावले. प्रत्येक डबा तीसेक डेसिबल गाळू लागला. तिघांचे मिळून नव्वदीच्या आसपास. दिवाळीच्या आधी रिपीटर हवेत होता.

पहिल्याच पावसात केबलमध्ये पाणी गेलं. ते सांगण्यासारखं एवढ्यासाठीच की मीटरवर सगळं उत्तम दिसत होतं, नेहमीपेक्षाही उत्तम. पाणी भरलेली केबल शक्ती वाटेतच पिऊन टाकते. अँटेनाकडून परत फिरून यायला काही उरतच नाही, आणि मीटरला वाटतं वा, काय सुंदर जुळलंय! तेव्हापासून मीटरने कौतुक केलं की मला धास्ती वाटते. खरा दोष आला पुढच्या उन्हाळ्यात.

२०२४ च्या एप्रिलअखेरीस तक्रारी सुरू झाल्या, की रिपीटर दुपारी झोपतो. सकाळी दहाला वाघोडियाहून स्वच्छ येणारा माणूस साडेबाराला ऐकू येईनासा व्हायचा, संध्याकाळी सातनंतर पुन्हा ठणठणीत. कोणीतरी म्हणालं, मूळचा पुण्याचा असणार. लक्षण मोठं गमतीचं होतं. दूरचा माणूस बोलू लागला की रिपीटर उठायचा, ट्रान्समीटर सुरू व्हायचा, त्याच्या दणक्याने स्वतःचाच कान बधिर व्हायचा, ऐकू येत नाही म्हणून ट्रान्समीटर थांबायचा, थांबला की कान उघडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. उचकी लागल्यासारखं.

काका म्हणाले चार्जर. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला, उचकी तशीच. मुलगा म्हणाला रिसीव्हर तापतोय. फडताळातला दुसरा रिसीव्हर लावला, तोही दुपारी बहिरा. मग मी म्हटलं, आता दोन दिवस कोणी कशाला हात लावायचा नाही. दर तासाला लिफ्टच्या खोलीचं तापमान आणि किती क्षीण सिग्नलला कान उघडतो तो आकडा, एवढंच वहीत लिहायचं. प्रयोगशाळेत मुलांना हेच सांगून सांगून माझा घसा बसला होता. सातमजली जिना मी दिवसातून सात वेळा चढले, कारण लिफ्टवाल्याची जेवायची सुट्टी आणि माझी वाचन घ्यायची वेळ एकच. दोन रकाने भरले तेव्हा ते एकमेकांचा हात धरून वर जात होते. अडतीस अंशांपर्यंत सगळं ठीक, त्रेचाळीसला कुरकुर, अठ्ठेचाळीसला बहिरेपण.

मग ट्रान्समीटर अँटेनावरून काढून डमी लोडवर टाकला. डमी लोड म्हणजे अँटेनाऐवजी शक्ती पिणारा खोटा भार, एक किलोओहमचे वीस रोधक समांतर जोडून तेलाच्या डब्यात बुडवलेले, म्हणजे बरोबर पन्नास ओहम. भर दुपारी रिसीव्हर खणखणीत ऐकू लागला. कान चांगला होता, तोंडही चांगलं होतं. ढासळत होती ती मधली भिंत.

एक डबा घरी आणला. आजकाल नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं मोजयंत्र मिळतं, ते जोडलं आणि डब्याभोवती गरम पाण्याच्या पिशव्या बांधल्या. सूर खाली सरकताना डोळ्यांनी दिसला. अठ्ठावीस अंशांवरून अठ्ठेचाळीसला जाईपर्यंत सत्तेचाळीस किलोहर्ट्झ. तांबं एका अंशाला दर दहा लाख भागांमागे सतरा भाग वाढतं, त्या हिशोबाने एकोणपन्नास यायला हवे होते. प्रयोगशाळेत एवढ्या फरकाला पूर्ण मार्क देतात. म्हणजे दांडी तापून केसभर लांबत होती आणि गाळणी भलत्याच सुराला गाळत होती. आम्ही डबे जुळवले होते दिवाळीच्या गारव्यात!

कारखान्यातून बनून येणाऱ्या डब्यांत यासाठी इन्वारची कांडी असते. इन्वार म्हणजे छत्तीस टक्के निकेलचं लोखंड. शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये त्याचा विचित्र गुण ओळखला, तापवलं तरी लांबी जवळजवळ बदलत नाही. त्या कामाला १९२० चं नोबेल मिळालं. बडोद्यात मी चार दुकानांत इन्वार मागितला. एका दुकानदाराने नवीन देवाचं नाव ऐकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने स्टेनलेस दाखवलं.

आणि मग एका सकाळी गीझर बंद पडला. प्लंबरने जुना थर्मोस्टॅट काढून कट्ट्यावर ठेवला, लांब दांडीचा, पितळी नळीचा. मी तो हातात घेतला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. असमान प्रसरणाचा प्रयोग मी तेहेतीस वर्षं टेबलावर मांडला होता. त्या पितळी नळीच्या आत काय असतं? पितळ तापून लांबतं, आतली कांडी लांबत नाही, दोन्हींतल्या फरकाने खटका पडतो. न लांबणारी ती कांडी म्हणजे इन्वार! आंघोळीच्या पाण्यापाशी होता, आणि मी त्याला बाजारात शोधत होते. प्लंबरला सांगून ठेवलं, जेवढे मेलेले लांब थर्मोस्टॅट मिळतील तेवढे आण. त्याने पंधरा दिवसांत चौदा आणले आणि "बेन, गीझरचं दुकान काढता काय?" म्हणून विचारलं. पितळी नळी करवतीने कापून कांड्या काढल्या. एक अकरा इंचांची, डब्याला हवी जवळपास दुप्पट, म्हणून दोन-दोन टोकाला टोक भिडवून पितळी कॉलरमध्ये डाग दिल्या. दांडीचा सरकता शेंडा आता वरच्या झाकणाला या कांडीने टांगलेला असतो, तांबं किती का लांबेना, शेंडा जागेवर. पुन्हा तोच डबा, त्याच गरम पाण्याच्या पिशव्या. सत्तेचाळीसच्या जागी पाच किलोहर्ट्झ. त्या दिवशी मी शिरा केला.

सहाही डबे जूनमध्ये वर गेले. ऑगस्टमध्ये पूर आला.

२६ ऑगस्ट २०२४, गोकुळाष्टमी. पाऊस थांबायचं नाव घेईना, आणि शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी पस्तीस फुटांच्या वर गेली. समा, फतेहगंज, आकोटा, मुजमहुडा, वडसर, जिकडे तिकडे घरांत पाणी. खबरदारी म्हणून वीज बंद केलेली, मोबाइल धुगधुगत होते ते एकेक करून विझले. आमचा रिपीटर माझ्याच घरच्या इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीवर होता. १५० अँपिअर-अवरची, पण निम्म्याहून थोडा जास्तच जीव उरलेली. तरी तीन दिवस पुरली, कारण ऐकताना रिपीटर काहीच खात नाही म्हटलं तरी चालेल. मोठं काम सैन्याने आणि एनडीआरएफने केलं, आम्ही नुसते निरोपे. माझ्या वहीत त्या तीन दिवसांचे एकेचाळीस निरोप आहेत. समाच्या एका आजींचं इन्सुलिन, दुसऱ्या मजल्यावर अडकलेल्या बाळंतिणीसाठी दूध, "आई, मी काकूकडे आहे" असे किती तरी. मगर दिसल्याचे निरोप चार. त्यांतली एक खरी निघाली, बाकीचे ओंडके. निरोप देणाऱ्यांना आम्ही दोष दिला नाही, त्या पाण्यात मलाही ओंडका मगरच वाटला असता.

आता लेखाच्या त्या ओळीकडे येते. या वर्षी शहरातल्या एका संस्थेने आपले एकोणीस वायरलेस संच मोडीत काढले. आम्हाला कळलं, मी अर्ज घेऊन गेले, सोबत परवान्याची प्रत. कारकून सज्जन होते, चहा पाजला आणि म्हणाले, "बेन, नियम छे." दुसऱ्या दिवशी संच रिसायकलरच्या गाडीत चढले. चढवण्याआधी कोणी पुन्हा वापरू नये म्हणून प्रत्येकावर घणाचा एकेक घाव घातलेला. मी फाटकाशी उभी होते. त्या खोक्यांत नको त्या फ्रिक्वेन्सी गाळणारे हेलिकल फिल्टर होते, सिग्नलला जोर देणारे पॉवर मॉड्यूल होते. ते आज कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, आणि रिसायकलरला त्यांतून मिळणार ते तांबं आणि ॲल्युमिनियम, किलोच्या भावाने.

घरी येऊन मी नियम छापून घेतले आणि वाचले. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२, लागू १ एप्रिल २०२३ पासून. मोठ्या ग्राहकांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलर वगैरेंनाच द्यायचा, हे बरोबर आहे आणि असायलाच हवं. रस्त्याकडेला वायरी जाळून तांबं काढणाऱ्यांचा धूर मी पाहिलेला आहे. पण ई-कचरा कशाला म्हणायचं, तर कचरा म्हणून टाकून दिलेल्या उपकरणाला. चालू संच परवानाधारक व्यक्तीला किंवा क्लबला वापरायला पत्रासकट दिला, तर तो टाकला कुठे? मोडीच्या यादीवर सही होण्याआधी एक आठवडा, एवढंच मागणं आहे. यादी आम्हाला दाखवा. एकोणिसातले चार आम्ही उचलू, बाकीचे खुशाल न्या.

हे वाचून कोणी भंगारवाल्याकडून संच उचलून बटण दाबायला जाऊ नये. परवान्याशिवाय वायरलेस संच नुसता जवळ बाळगणंही १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. हॅमची परीक्षा केंद्राच्या दूरसंचार खात्याकडून होते, वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की देता येते, आणि मोर्स नको असेल तर त्याशिवायचाही वर्ग आहे. रिपीटरची परवानगी वेगळी घ्यावी लागते. कागद आधी, सोल्डर नंतर. आमच्या चारही संचांची देणगीपत्रं मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून लग्नाच्या शालूखाली ठेवली आहेत, कारण कपाटाचा तो एकच कप्पा मिस्टर उपसत नाहीत.

दुसरं मागणं जागेचं. आमची सातमजली इमारत पुनर्बांधणीला जाणार आहे, पुढच्या पावसाळ्याआधी खोली रिकामी करायची आहे. एका दुसऱ्या सोसायटीने आधी हो म्हटलं, मग कोणीतरी किरणोत्साराची भीती घातली आणि नाही म्हटलं. मी मीटिंगला जाऊन सांगितलं की आमचा ट्रान्समीटर दहा वॅटचा आहे आणि तुमच्या जिन्यातला दिवाही दहा वॅटचा. एक बाई म्हणाल्या, "मग दिवाही काढून टाकू." यावर मी काय बोलणार. त्यांचा राग नाही, घर त्यांचं आहे. पण शहरात पाण्याच्या उंच टाक्या आहेत, कॉलेजांच्या इमारती आहेत, ज्यांच्या माथ्यावर आज फक्त कबुतरं आणि तुटके डिश बसलेले आहेत. आम्हाला चार बाय चार फुटांची सावली, एक प्लग आणि किल्ली लागते. किल्ली महत्त्वाची, कारण दोष रविवारीच येतो. शिवाय वासी उत्तरायणाच्या (इथल्या पतंगांच्या संक्रांतीचा दुसरा दिवस) दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारीला, न चुकता वर चढावं लागतं. दोन दिवसांत अँटेनाला एवढा मांजा गुंडाळलेला असतो की लांबून लोकरीचं गुंडाळं वाटावं. गेल्या वर्षी पाच पतंग निघाले, त्यातला एक चांगला होता, तो त्या मुलाने ठेवून घेतला.

कोणाकडे अशी जागा असेल, किंवा कपाटाच्या तळाशी कागदपत्रांसकट जुना व्हीएचएफ संच असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. माझा पत्ता पाकिटावर आहे, तो छापू नये. आणि थंडी येते आहे, गीझर बिघडायचे दिवस. जुना थर्मोस्टॅट अकरा इंची निघाला तर फेकू नका. चौदातले बारा लागले, उरलेल्या दोनांतली एक कांडी कापताना मी वाकवली, आणि जोडीचा सातवा डबा एका कांडीवाचून अर्धवट पडून आहे.

आपली नेहमीची वाचक,
एक हॅम, बडोदे